तीन मॉनिटर, एक कार्ड आणि खारा वारा

तीन मॉनिटरवर गेम खेळण्यासाठी ग्राफिक्स कार्ड घेताना बहुतेकांची सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते. आधी बजेट ठरतं, मग त्या बजेटात सेकंदाला सगळ्यात जास्त फ्रेम (चित्रं) देणारं कार्ड शोधलं जातं, आणि कुरिअरचा खोका फोडल्यावर पहिल्यांदा कार्डाच्या मागच्या पट्टीकडे लक्ष जातं. तिसऱ्या मॉनिटरची केबल बसेल असं पोर्टच तिथे नसतं. एका मॉनिटरला हा क्रम चालून जातो. तीन असले की तो उलटा करायचा: आधी पोर्ट, मग व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), मग वॉट आणि सगळ्यात शेवटी वेग. वॉट वेगाच्या आधी का, हे मे महिन्यात कोकणात कौलाखालच्या खोलीत पीसी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

इथे तोललेली कार्डं पाच: आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी, आरटीएक्स ५०७०, आरएक्स ९०७० एक्सटी आणि आरटीएक्स ५०७० टीआय. आरटीएक्स एनव्हिडियाची, आरएक्स एएमडीची. सगळी २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत बाजारात आलेली. निकाल आधीच सांगून टाकतो, मग कारणं. तीन १०८०पी (१९२०×१०८०) मॉनिटर असतील तर ५०६० टीआय १६ जीबी. तीन १४४०पी (२५६०×१४४०) असतील तर ९०७० एक्सटी, पण विजेची नीट सोय असेल तरच. ५०७० या कामासाठी घेऊ नये.

त्याआधी एक गोष्ट स्वतःशी ठरवून घ्या. मधल्या मॉनिटरवर गेम आणि बाजूच्या दोनांवर डिस्कॉर्ड, यूट्यूब, क्रिकेटचा स्कोअर, एवढंच हवं असेल तर हा सगळा खटाटोप तुमच्यासाठी नाही. कार्डावर भार फक्त मधल्या पडद्याचा पडतो. बाजूला चाललेला व्हिडिओ त्याच्या खिजगणतीत नसतो. १४५ वॉटचं साधं ५०६० सुद्धा पुरतं, आणि बाजूचा एखादा मॉनिटर थेट मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावता येतो. त्यासाठी प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असायला हवं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर ते नसतं. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत शेवटी जी असेल तरच असतं. कार्ड बसवल्यावर काही मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. ते बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावं लागतं, बहुतेक ठिकाणी 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' या नावाखाली.

खरा प्रश्न तिन्ही पडद्यांवर एकच गेम पसरवण्याचा आहे.

पिक्सेलचा हिशेब

१९२०×१०८० चे तीन मॉनिटर शेजारी ठेवले की ५७६०×१०८०, म्हणजे सुमारे ६२ लाख पिक्सेल. एका ४के पडद्यावर साधारण ८३ लाख असतात. २५६०×१४४० चे तीन घेतले तर आकडा १ कोटी १० लाखांवर जातो. कार्डांच्या परीक्षणांत तीन मॉनिटरचे आकडे सहसा नसतात, १४४०पी आणि ४के चे असतात. त्यावरून अंदाज काढायचा. तीन १०८०पी ला मिळणाऱ्या फ्रेम त्या दोन आकड्यांच्या मध्ये पडतात, थोड्या ४के कडे झुकून. तीन १४४०पी ला ४के च्या आकड्याच्या पाऊणपट धरा: तिथे १०० असतील तर इथे ७५. यातूनही थोडी वजावट करा, कारण पडदा रुंद झाला की झाडं, गाड्या, कुंपणं जास्त दिसतात, आणि तीही काढावी लागतात.

ही वजावट काही गेममध्ये प्रोसेसरच्या माथी बसते. रुंद चित्र एकाच सपाट कॅमेऱ्याने काढलं की कडेच्या गाड्या रबरासारख्या ताणलेल्या दिसतात. म्हणून असेटो कोर्सा, आयरेसिंग यांसारखे सिम्युलेटर प्रत्येक पडद्यासाठी वेगळा कॅमेरा लावतात. चित्र सरळ येतं, पण प्रोसेसरचं कामही वाढतं. जुन्या चार कोअरच्या प्रोसेसरवर महागडं कार्ड बसवून फ्रेम ४५ वर अडकल्या, तर कार्ड बदलून काही होणार नाही. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर जातोय की ६० वरच रेंगाळतोय ते बघा. ६० वर असेल तर घोडं प्रोसेसरपाशी अडलंय.

गेमही पारखून घ्या. युरो ट्रक सिम्युलेटर २, एक्स-प्लेन, आयरेसिंग, असेटो कोर्सा यांच्यासाठी तीन पडदे म्हणजे चैन नव्हे, उपयोगाची वस्तू. ट्रक चालवताना मान वळवून बाजूचा आरसा बघता येणं यातच सगळी मजा आहे. व्हॅलोरंट मात्र १६:९ च्या, म्हणजे एका साध्या मॉनिटरच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणाच्या, बाहेर दृश्य वाढूच देत नाही. तुमचे संध्याकाळचे चार तास त्यातच जात असतील तर तिसऱ्या मॉनिटरचे पैसे कार्डात घाला.

पोर्ट: इथेच सगळे फसतात

एका कार्डावर तीन पडदे जोडून एकच मोठा पडदा करण्याची सोय एएमडीने २००९ साली रेडिऑन एचडी ५८७० बरोबर आणली, नाव आयफिनिटी. एनव्हिडियाच्या अशाच सोयीला, सराउंडला, सुरुवातीला दोन कार्डं लागायची. एका कार्डावर ते जमायला २०१२ चं जीटीएक्स ६८० उजाडावं लागलं. आज दोन्हीकडे सोय आहे, पण नखरे वेगवेगळे आहेत.

सराउंडला तिन्ही मॉनिटर सारख्या रिझोल्यूशनचे आणि सारख्या रिफ्रेश रेटचे (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं, ते हर्ट्झमध्ये) लागतात. दोन डिस्प्लेपोर्टवर आणि तिसरा एचडीएमआयवर लावला तर वरवर सगळे १४४ हर्ट्झ दिसतात, पण आतलं टायमिंग किंचित वेगळं पडू शकतं. मग सराउंड चालू होत नाही किंवा ६० हर्ट्झवर येऊन बसतं. तिन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे आणि तिन्ही डिस्प्लेपोर्टवर असले की हा झगडा संपतो. ५०६० टीआयच्या बहुतेक कार्डांवर तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असतं, म्हणून ते इथे पुढे सरकतं. ९०६० एक्सटीच्या बहुतेक कार्डांवर दोन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय, एवढंच. तिन्ही भरली की संपलं. चौथ्या छोट्या पडद्याला जागा नाही.

आता एएमडीच्या बाजूने. आयफिनिटी अशा मिसळीला थोडी जास्त सहनशील आहे. शिवाय स्वस्त मॉनिटरांत एचडीएमआयवरून चालणारं फ्रीसिंक (मॉनिटरचा रिफ्रेश गेमच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) अनेकदा एएमडीच्या स्वतःच्या पद्धतीचं असतं. ते रेडिऑनवर चालतं, एनव्हिडियावर नाही. म्हणजे घरात आधीच तीन वेगवेगळे मॉनिटर असतील आणि ते बदलायचे नसतील, तर ९०६० एक्सटी जास्त समजूतदार ठरतं. तीन नवे एकसारखे घेणार असाल तर ५०६० टीआय.

एचडीएमआयची मर्यादाही माहीत हवी. एचडीएमआय २.० वर १०८०पी ला १४४ हर्ट्झ आरामात, १४४०पी ला १४४ जेमतेम, १६५ नाही. कार्डाला २.१ असलं तरी मॉनिटरला २.० असेल तर २.० च चालतं. दोघांतला कमी जो असेल त्याचं राज्य.

कन्व्हर्टरच्या बाबतीत एकच नियम पाठ करा. डिस्प्लेपोर्ट कार्डाकडे आणि एचडीएमआय मॉनिटरकडे, अशी साधी केबल चालते. उलट्या दिशेने ती चालत नाही. कार्डाचं एचडीएमआय आणि मॉनिटरचं डिस्प्लेपोर्ट जोडायला यूएसबीवरून वीज घेणारा सक्रिय कन्व्हर्टर लागतो. बाजारात 'दोन्हीकडून चालते' म्हणून जी केबल हातात दिली जाते, ती सहसा चालत नाही. जुना व्हीजीए मॉनिटर तिसरा म्हणून वापरायचा विचार असेल तर तो सोडा; नव्या कार्डांतून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही.

आणखी एक चोरटा दोष: पीसी सुरूच होत नाही, पंखे फिरतात, पडदा काळा. डिस्प्लेपोर्टची केबल काढली की सुरू होतो. हलक्या केबलमध्ये २० नंबरची पिन जोडलेली असते, जी नियमाने मोकळी असायला हवी. तिच्यातून मॉनिटरचे ३.३ व्होल्ट उलटे कार्डात शिरतात. कार्ड परत पाठवण्याआधी केबल बदलून बघा. तीन केबल असल्या की ही शक्यताही तिप्पट.

कार्डं एकेक करून

आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी: १८० वॉट, बहुतेक मॉडेलांना एकच ८ पिनची जोडणी, ६०० वॉटचा चांगला पॉवर सप्लाय पुरे. याच नावाचं ८ जीबीचं भावंड आहे. त्याच्याकडे बघूही नका. ५७६०×१०८० वर टेक्श्चर हाय केली की ८ जीबी भरते आणि गाडी वळणावर असतानाच चित्र अडखळतं. सरासरी फ्रेम छान दिसतात, पण झटके जात नाहीत. ऑर्डर देताना आणि बिलावर '१६ जीबी' असं लिहिलंय ना, ते दोनदा वाचा. खोट एक: हे कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे मदरबोर्डच्या ज्या स्लॉटात कार्ड बसतं त्याच्या, आठच लेन वापरतं. बी४५० सारख्या पीसीआयई ३.० च्या जुन्या बोर्डावर थोडा वेग जातो.

आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी: १६० वॉटच्या आसपास, सोळा लेन, त्यामुळे जुन्या बोर्डासाठी हे बरं. बाजारात आलं तेव्हा ५०६० टीआय १६ जीबीची किंमत ४२९ डॉलर आणि याची ३४९ डॉलर होती. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी, आयात आणि दुकानदाराचा त्या दिवसाचा मूड धरून भाव हलत राहतो, पण दोघांमधली तफावत टिकून असेल तर त्या पैशांत यूपीएस निघतो. हा मुद्दा हलका नाही.

आरटीएक्स ५०७०: २५० वॉट आणि १२ जीबी. तीन १०८०पी ला गरजेपेक्षा जास्त तापतं, तीन १४४०पी ला व्हीरॅम तोकडी पडते. एका मॉनिटरसाठी उत्तम कार्ड.

आरएक्स ९०७० एक्सटी: १६ जीबी, ३०४ वॉट, ७५० वॉटचा पॉवर सप्लाय. तीन १४४०पी साठी पैशाला पुरेपूर. मॉडेलप्रमाणे पोर्ट बदलतात, काहींवर तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय, काहींवर दोन-दोन. मागच्या पट्टीचा फोटो बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बहुतेक मॉडेलांना ८ पिनच्या दोन किंवा तीन जोडण्या लागतात. एकाच केबलची दोन तोंडं वापरून भागवू नका, प्रत्येक जोडणीला वेगळी केबल द्या.

आरटीएक्स ५०७० टीआय: १६ जीबी, ३०० वॉट. ९०७० एक्सटीपेक्षा महाग. सिम्युलेटर एनव्हिडियाकडे झुकणारा असेल, जसा आयरेसिंग, ज्यात तीन कॅमेऱ्यांचं काम कार्डाकडूनच एका फेरीत करून घेण्याची सोय आहे, तर जास्तीचे पैसे पटतात. पॉवरची जोडणी १६ पिनची असते. ती पूर्ण आत गेलीय का ते टॉर्च लावून बघा. अर्धवट बसलेल्या जोडणीत पिना तापतात आणि प्लास्टिक वितळतं.

रिकामा बसलेला पीसी गरम का?

गेम बंद आहे, समोर नुसता डेस्कटॉप, तरी कार्ड गरम आणि पंखा फिरतोय. तीन मॉनिटरवर हे नेहमीचं. एक १६५ हर्ट्झवर, दोन ६० वर अशी मिसळ असली की कार्डाची मेमरी कमी वेगावर उतरू शकत नाही आणि पूर्ण वेगात धावत राहते. जास्तीचे ३० वॉट धरले, दिवसाला आठ तास, तर महिन्याला सात युनिट नुसते बसून गेले. उपाय फुकटचा आहे: तिन्ही मॉनिटर एकाच रिफ्रेश रेटवर आणा आणि १६५ ऐवजी १४४ किंवा १२० करून बघा. मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी क्लॉक (मेमरीचा वेग) एकदम खाली पडला की जमलं.

खेळतानाचा उकाडा कमी करायचा असेल तर कार्डाची पॉवर लिमिट (जास्तीत जास्त किती वॉट ओढायचे ती मर्यादा) ८०-८५ टक्क्यांवर आणा. दोन-चार फ्रेम जातील, पण खोलीला फरक कळेल. इथली हवा नागपूरइतकी तापत नाही हे खरं, पण दमट हवेत बंद खोलीत साडेतीनशे वॉटचा पीसी म्हणजे शेजारी पेटवून ठेवलेली छोटी शेगडीच.

अर्थिंग, यूपीएस, मीठ

एचडीएमआयचं पोर्ट जळण्याचं किनाऱ्यावरचं मोठं कारण कार्ड नसून अर्थिंग आहे. कातळावरच्या घरात अर्थिंगचा खड्डा नीट खोल जात नाही, आणि गेलाच तर उन्हाळ्यात कोरडा पडतो. अर्थ नसला की पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात. टेस्टर लावला तर मंद पेटतो, हात लावला तर मुंग्या येतात. त्यात एक मॉनिटर एका सॉकेटवर, दुसरा एक्स्टेन्शनवर, आणि चालू स्थितीत केबल खुपसली की तो फरक थेट पोर्टमधून वाहतो. म्हणून पीसी आणि तिन्ही मॉनिटर एकाच बोर्डावरून, तीन पिनच्या प्लगनेच चालवा. केबल लावताना-काढताना सगळं बंद. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत असावा.

यूपीएसचं गणित: ५०६० टीआयचे १८०, प्रोसेसरचे ६५ ते ९०, बाकी पीसीचे ५०, तीन मॉनिटरचे ७५. बेरीज ३७० ते ४००. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीए म्हणजे सुमारे ३६० वॉट, तो गेम चालू असताना वीज गेली की ओव्हरलोड होऊन पडणारच. १००० ते ११०० व्हीए घ्या. ९०७० एक्सटीला १५०० च्या खाली जाऊ नका. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो साइनवेव्ह हवा आणि मागचं बटण यूपीएस मोडवर. साध्या मोडमध्ये बदली व्हायला बराच वेळ जातो आणि पॉवर सप्लाय जेमतेम १६-१७ मिलिसेकंद दम धरतो, त्यामुळे पीसी रीस्टार्ट होतो. वळिवाच्या दिवसांत आकाशात गडगडाट सुरू झाला की यूपीएसवर विसंबू नका, प्लग काढा. केबल टीव्हीची किंवा तांब्याची नेटवर्क वायर जोडलेली असेल तर तीही.

खाऱ्या हवेचा त्रास चालू पीसीला कमी आणि बंद पीसीला जास्त होतो. मिठाचा थर हवेतला ओलावा ओढून घेतो. कार्ड रोज तापत असेल तर ते कोरडं राहतं. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर तरी पीसी चालवा. रिकाम्या डिस्प्लेपोर्टांना रबरी टोप्या घाला, किंमत नगण्य. गावचं घर गणपतीपर्यंत बंद राहणार असेल तर कार्ड काढून मूळ पिशवीत, सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा, पीसीत सोडू नका. परत बसवताना कार्डाची स्लॉटात जाणारी सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बहुतेक वॉरंटीच्या अटींत गंज, पाणी आणि जळणं वगळलेलं असतं, तेव्हा हिरवट डाग पडलेलं कार्ड मुंबईला पाठवून कुरिअरचा खर्चच पदरात पडतो.

जोडणी

आधी एकच मॉनिटर लावून ड्रायव्हर घाला. पीसी बंद करून उरलेले दोन लावा. विंडोजमध्ये तिघांचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट हाताने सारखे करा, डावा-उजवा क्रम लावा, मगच सराउंड किंवा आयफिनिटी चालू करा. त्यानंतर कडांची दुरुस्ती. २४ इंची १०८०पी मॉनिटरचा एक पिक्सेल सुमारे ०.२७५ मिलिमीटरचा. दोन मॉनिटरच्या चिकटलेल्या कडा मिळून १० मिलिमीटर होत असतील तर प्रत्येक सांध्याला ३६ पिक्सेल द्या, एकूण रुंदी ५८३२ होते. हे केलं नाही तर रस्त्याची पांढरी पट्टी सांध्यावर तुटलेली दिसते.

डोळ्यापासून पडदा ६५ सेंटिमीटरवर असेल तर २४ इंची मॉनिटर ४४ अंश व्यापतो. बाजूचे मॉनिटरही साधारण तेवढ्याच कोनात आत वळवा आणि गेममध्ये अंतर, पडद्याची रुंदी आणि कोन खरे मोजून भरा. अंदाजाने भरलं तर वळणाचा वेग चुकीचा वाटतो आणि दोष स्टिअरिंगला दिला जातो.

कार्ड ऑनलाइन मागवलंत तर खोका फोडतानाचा सलग व्हिडिओ घ्या, सिरियल नंबर दिसेल असा. बदलून मिळण्याची मुदत बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांची असते, आणि कोकणातल्या पावसात त्यातले एक-दोन दिवस वीज नसण्यातच जातात. म्हणून पहिल्याच दिवशी सगळे पोर्ट तपासा, जे वापरणार नाही तेही. तिन्ही मॉनिटर लावून अर्धा तास गेम चालवा, एकदा मॉनिटर बंद-चालू करा, एकदा पीसी स्लीपला टाकून उठवा. एखादा पडदा उठला नाही तर आधी दोन केबलींची अदलाबदल करा. दोष केबलीबरोबर सरकला तर केबल, पोर्टपाशीच राहिला तर कार्ड परत.